तुरुंगातला प्रश्न

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावतात. नाताळ जवळ आला, म्हणून हा आनंदाचा रविवार. कॅथलिक वाचनक्रमात दर तीन वर्षांनी या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय येतो, आणि तो तुरुंगातला आहे. हेरोदाच्या कैदेत पडलेला योहान शिष्यांकरवी येशूला विचारतो, की येणारा तो हाच, की अजून कोणी यायचा आहे? यार्देनकाठी ज्याने लोकांना त्याच्या येण्यासाठी तयार केले, तोच आता विचारतो आहे.

या प्रश्नातले ग्रीक क्रियापद दोन्हीकडे झुकते. ‘आम्ही वाट पाहत आहोत का’ आणि ‘आम्ही वाट पाहावी का’, दोन्हींसाठी रूप एकच. मराठीत एकाची निवड करावीच लागते. पहिल्यात थकवा आहे, दुसऱ्यात अजून तयारी आहे. योहानाच्या मनात बहुधा दोन्ही असावे.

येशू थेट ‘हो’ म्हणत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता ऐकू येते, हे जाऊन सांगा, म्हणतो. भरवशाबद्दलच्या प्रश्नाला दयेच्या कामांची यादी हे उत्तर. ही यादी यशया संदेष्ट्याच्या शब्दांची आठवण करून देते. पण यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात बंदिवानांच्या सुटकेचीही घोषणा आहे. तुरुंगात धाडलेल्या निरोपात नेमकी तीच गाळलेली आहे. योहान सुटला नाही. त्याचे शिर कापले गेले.

दया इतरांच्या वाट्याला आली आणि आपल्या कोठडीचे दार बंदच राहिले, तर देवावर भरवसा ठेवायचा कसा? ‘देवाची योजना मोठी असते’ असे बाहेर उभे राहून सांगणे सोपे आहे. ते म्हणण्याचा अधिकार असलाच, तर आत असलेल्याला आहे. दुसऱ्याचे डोळे उघडले यावर समाधान मानायचे की नाही, हे योहानाने ठरवायचे. त्याच्या वतीने आपण नव्हे.

बाहेरच्यांसाठी मत्तय वेगळे काम ठेवतो. पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा विचारतो ते हेच, की मी कैदेत होतो, तेव्हा भेटायला कोण आले? अकराव्या अध्यायातून गाळलेला बंदिवान इथे परत येतो, आणि यावेळी तो आपल्यावर सोपवलेला असतो. मी हे दोन अध्याय असे जोडून वाचते.

‘दया’ मराठीत अनेकदा वरून खाली येते; देणारा उभा, घेणारा वाकलेला. हिब्रूतल्या ‘रहमीम’चे नाते ‘रेहेम’शी, म्हणजे गर्भाशयाशी आहे. अरबीतून आपल्याकडे आलेला ‘रहम’ त्याच मुळाचा. गर्भ धरणारी दुरून देत नाही. ती दुसऱ्याचा भार अंगावर घेऊन वाट पाहते. आगमनकाळ मरियेच्या गरोदरपणाचाही काळ आहे, हे इथे आठवावे.

मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना ‘धीर धरा’ असे नुसते कळवले नाही. त्या तिथे गेल्या, आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या त्या घराचे नाव ‘मुक्ती’.

योहानाचे दार उघडले नाही, हे कुठल्याही अर्थाने भरून निघत नाही. पण त्याचा प्रश्न घेऊन तुरुंगातून निघालेले शिष्य उत्तर घेऊन त्याच्याकडे परत जायला निघाले. शेवटी त्याचा देह उचलून नेऊन त्यांनीच पुरला. भरवसा देवाने द्यावा. पण कोठडीपर्यंतची ती येजा माणसांनाच करावी लागते.