दक्षिणा आणि घरपट्टी

2023 साली शिर्डीत बँकांनी साईबाबा संस्थानाची नाणी घ्यायला नाखुशी दाखवली. दानपेट्या उघडल्या की नोटांबरोबर एक, दोन, पाच, दहाच्या नाण्यांचा ढीग निघतो. तो निवडायचा, मोजायचा, पिशव्यांत भरायचा आणि बँकेत न्यायचा. बँकांकडे त्या पिशव्या ठेवायलाच जागा उरली नव्हती. शिर्डीला मोठ्या रकमेचे धनादेश देणारे भक्त कमी नाहीत, पण नाणे तोच टाकतो ज्याच्या खिशात नाणेच असते. रामनवमीला मुंबईच्या चाळीतून पालखीबरोबर घाट चढून आलेला हमाल किंवा रांगेत चार तास उभी राहून मुलाच्या हातून पेटीत रुपया टाकवणारी आई. त्या रुपयावर नाव नसते, त्याची पावती कुणी मागत नाही. मग तो रुपया पेटीत पडल्यावर कुणाचा होतो? बाबांचा, संस्थानाचा, विश्वस्त नेमणाऱ्या सरकारचा, की ज्या गावाच्या रस्त्यावरून तो भक्त चालत आला त्या गावाचा? हा प्रश्न हिशेबतपासनिसाचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे आणि आज तो टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

डिसेंबर 2018 मध्ये राज्य सरकारने निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी साईबाबा संस्थानाकडून 500 कोटी रुपये बिनव्याजी कर्ज घ्यायला मान्यता दिली. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर बांधलेल्या या धरणाला मंजुरी मिळाली होती 1970 मध्ये. डाव्या कालव्यात समारंभाने पाणी सुटले 26 ऑक्टोबर 2023 रोजी. मधल्या 53 वर्षांत खर्चाचा अंदाज पाच हजार कोटींच्या पुढे गेला आणि अकोले, संगमनेर, राहात्याच्या जिरायती गावांत दोन पिढ्या कालव्याच्या खुणेचे दगड बघत म्हाताऱ्या झाल्या. अशा वेळी दोन हजार कोटींहून अधिक ठेवी असलेले देवस्थान शेजारीच आहे, त्याने तहानलेल्या शिवाराला हात द्यावा, यात वावगे काय? ही भावना मी हलकी मानत नाही. तरीही त्या निर्णयात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती असे माझे म्हणणे आहे. दक्षिणा आणि पट्टी यांत पैसा तोच असला तरी ते दोन वेगळे व्यवहार आहेत आणि एकाच्या पैशाने दुसऱ्याची तूट भरली की दोन्ही बिघडतात.

दक्षिणा देणारा हात मोकळा करून देतो. दिल्यावर त्या पैशाचे काय झाले हे विचारायचा हक्क तो आपण होऊन सोडतो आणि त्या सोडण्यातच दानाचे पुण्य आहे अशी आपली समजूत आहे. पट्टीचे अगदी उलटे. घरपट्टी भरणारा काही सोडून देत नाही. नळाला पाणी का नाही, दिवा का लागत नाही, कचऱ्याची गाडी का आली नाही हे विचारायचा हक्क तो त्या पावतीने मिळवतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने साईबाबा संस्थान धार्मिक आणि धर्मादाय असे दोन्ही स्वरूपाचे असल्याचे मान्य केले आणि त्याला मिळणाऱ्या गुप्तदानावर कर लागत नाही असा निर्णय दिला. कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर त्यामागे आपल्याला जुनीच समज दिसते. निनावी असणे हा दानाचा दोष नाही. करदात्याला मात्र नाव लागते, घर क्रमांक लागतो, कारण उद्या जाब विचारायला तोच येणार असतो. सरकारची तूट दक्षिणेतून भरली जाते तेव्हा जाब विचारणाराच व्यवहारातून नाहीसा होतो. भक्ताने हक्क सोडलेला असतो आणि नागरिकाने पैसा दिलेलाच नसतो.

याला पहिला आक्षेप स्वतः बाबांच्याच चरित्रातून येतो आणि तोच सर्वांत बळकट आहे. बाबा दक्षिणा मागून घेत आणि त्याच दिवशी वाटून टाकत. धुनीच्या लाकडांना, गोरगरिबांना, आल्यागेल्याला देऊन संध्याकाळपर्यंत हात पुन्हा रिकामे. भिक्षेत मिळालेली भाकरी-कोरड्यास मशिदीतल्या उघड्या कुंडीत पडे. त्यातून कुत्री, मांजरे, कावळे खात, झाडलोट करणारी बाईही काही तुकडे उचलून नेई. कुणाला हटकले जात नसे. अशा फकिराच्या नावाने हजारो कोटी बँकेत पडून राहावेत आणि बाजूच्या तालुक्यात विहिरी कोरड्या असाव्यात, हे त्याला रुचले असते का? मला वाटते, नसते. म्हणून संस्थानाने पैसा दाबून बसावे असे मी म्हणतच नाही. प्रसादालयात दररोज हजारो लोकांना मोफत जेवण मिळते, गरिबांसाठी रुग्णालये चालतात. हा खर्च त्या कुंडीच्या परंपरेतला आहे आणि तो वाढावा. मार्च 2020 मध्ये करोनाच्या संकटात संस्थानाने मुख्यमंत्री साहाय्यता निधीला 51 कोटी दिले. संकटाच्या वेळी दिलेले ते उघड दान होते, त्याचे कारण सर्वांना माहीत होते. पण बाबांच्या देण्याचा दुसरा पैलू आपण विसरतो. ते प्रत्येक देणे माणूस ओळखून होते, आणि त्यात ऋणाची जाण होती. देह ठेवताना, 15 ऑक्टोबर 1918 च्या दसऱ्याला, त्यांनी लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हातावर नऊ रुपये ठेवले, आधी पाच, मग चार. ही बाई त्यांना नेमाने भाकरी आणून देत असे. जिचे खाल्ले तिचे देणे शेवटच्या घटकेला चुकते केले, असा त्याचा अर्थ मला दिसतो. ज्याच्या लेखी भाकरीचेही ऋण होते त्याच्या नावाची दक्षिणा सरकारने बिनव्याजी, आणि फेडीची घाई नसलेले कर्ज म्हणून वापरावी, हे त्या वृत्तीशी जुळत नाही.

राजाने देवाचा पैसा घ्यावा की नाही, हा वाद आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाचव्या अधिकरणात कोश रिता झालेल्या राजासाठी जे उपाय सांगितले आहेत त्यांत देवताध्यक्षामार्फत देवळांची संपत्ती एकत्र करून खजिन्यात आणण्याचा उपाय आहे. रातोरात एखादे देवस्थान उभे करून जत्रा भरवावी आणि उत्पन्न मिळवावे, इथपर्यंत तो जातो. पण तोच ग्रंथकार अशा असाधारण वसुलीबद्दल ती एकदाच करावी, दुसऱ्यांदा नाही, असेही बजावतो. पेलोपोनेशियन युद्धाच्या तोंडावर, इसवी सनपूर्व 431 मध्ये, पेरिक्लीसने अथेन्सच्या लोकांना सांगितले होते की अगदी वेळ आली तर अथीनादेवीच्या मूर्तीवरचे सोनेही काढता येईल, पण जितके घेऊ तितके परत बसवावे लागेल. अथेन्स देवीच्या खजिन्यातून कर्ज काढत असे तेव्हा त्यावर व्याजही आकारले जाई आणि तो हिशेब दगडावर कोरून सर्वांना दिसेल असा उभा केला जाई. म्हणजे ज्यांनी देवाच्या पैशाला हात लावला त्यांनीही, विचारी होते तोवर, तो उसना आहे हे विसरू दिले नाही.

इथे आपल्या व्यवस्थेतली एक अडचण उघडी पडते. साईबाबा संस्थानाचा कारभार 2004 च्या स्वतंत्र कायद्याने चालतो आणि व्यवस्थापन समिती राज्य सरकार नेमते. जो कर्ज मागतो तोच कर्ज देणाऱ्याला खुर्चीवर बसवतो. अशा वेळी संस्थानाची मान्यता ही खरी मान्यता म्हणायची कशी? सप्टेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सरकारने नेमलेली समिती बरखास्त केली आणि कारभार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे गेला. त्यामागची कारणे वेगळी होती, पण मुद्दा तोच राहतो. देवाच्या पैशाला सरकारपासून वेगळा, नाही म्हणू शकणारा राखणदार हवा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: शेतकऱ्याला पाणी हवे, पैसा कुठून आला याच्याशी त्याला काय? मी उलट विचारतो, 53 वर्षे पाणी का आले नाही? पैशाची चणचण होती हे खरे, पण धरण वेळेत पूर्ण झाले नाही म्हणून कुणाला किंमत मोजावी लागली नाही हेही तितकेच खरे. अर्थसंकल्पातली तूट म्हणजे नुसता कमी पडलेला आकडा नसतो. आपण एकमेकांना काय देणे लागतो आणि ते कुणाकडून वसूल करायचे, हा वाद तिथे उघड्यावर यावा लागतो. बाहेरून पैसा आला की तो वाद मिटल्यासारखा वाटतो आणि पुढच्या कालव्याच्या वेळी पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

मुंबईकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. जीएसटी आल्यावर 1 जुलै 2017 पासून महापालिकेची जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली. जानेवारी 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर गेला. हाती घेतलेल्या कामांची देणी त्याहून कितीतरी मोठी, आणि भिस्त कशावर, तर आधीच्या पिढ्यांनी साठवलेल्या, 81 हजार कोटींच्या आसपास उरलेल्या मुदत ठेवींवर. मुंबईला शिर्डीसारखी दानपेटी नाही, पण या ठेवींनी तिथे तेच काम केले: तूट कुणी भरायची हा प्रश्न पुढे ढकलला. लहान घराला करमाफी ही दयाळू गोष्ट आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण तिची भरपाई मोठ्या घरांकडून किंवा बांधकामातल्या नफ्यातून करायचे धाडस झाले नाही, तर ती दया उद्या बेस्टच्या थांब्यावर ताटकळणाऱ्या त्याच लहान घरातल्या माणसाच्या अंगावर येते. अमेरिकेतले डेट्रॉइट जुलै 2013 मध्ये दिवाळखोरीत गेले तेव्हा कर्जदात्यांनी शहराच्या कलासंग्रहालयातल्या चित्रांवर नजर टाकली होती. शेवटी धर्मादाय संस्था, राज्य आणि देणगीदार यांनी मिळून चित्रे आणि निवृत्त कामगारांचे पेन्शन दोन्ही बऱ्याच अंशी वाचवले, पण ते झाले न्यायालयासमोर, अटी लिहून आणि कामगारांना आपले मत देता आले म्हणून. दानाने तूट भरायचीच असेल तर निदान इतका उजेड हवा.

तिसरा आक्षेप शिर्डीकरांचा आहे आणि त्याला मी उत्तर देत नाही, तो मान्य करतो. रोज हजारोंनी, सुट्टीच्या दिवसांत लाखांनी माणसे येतात. त्यांचा कचरा, त्यांचे सांडपाणी, त्यांच्या गाड्या हे सगळे एका छोट्या नगरपालिकेवर येऊन पडते आणि तिची घरपट्टी भरतात ते शिर्डीचे रहिवासी. हा खर्च संस्थानाने उचललाच पाहिजे. पण तो उपकार म्हणून नाही, आणि मदतनिधीच्या नावानेही नाही. तो संस्थानाच्या अस्तित्वाने निर्माण झालेला भार आहे, म्हणजे ऋण आहे. तो दर ठरवून, वर्षागणिक, पट्टीसारखा पावती घेऊन भरला गेला पाहिजे, म्हणजे सफाई कामगाराचा पगार एखाद्या समितीच्या मर्जीवर अडणार नाही आणि गटार तुंबले तर शिर्डीकर नगरपालिकेला हक्काने जाब विचारू शकतील. दान म्हणून जे द्यायचे ते प्रसादालयातून, रुग्णालयातून द्यावे. त्याला कमाल मर्यादा नसावी.

2027 मध्ये नाशिकला सिंहस्थाची पर्वणी आहे. तिथे आलेला भाविक शिर्डीला डोके टेकवल्याशिवाय परतणार नाही, हे शिर्डीतल्या प्रत्येक हॉटेलवाल्याला माहीत आहे. त्या गर्दीसाठी पाणी, रस्ते, शौचालये यांचा खर्च किती आणि त्यातला संस्थानाचा वाटा किती, हे पर्वणीच्या तोंडावर पत्र लिहून मागण्यापेक्षा आत्ताच नगरपालिकेच्या सभेत मांडायला हवे, आकड्यासह आणि फेडीच्या तारखेसह.