मुलांची पूर्व दिशा



रविवारी विहारात वंदना झाली की आपण मुलांच्या शिक्षणाविषयी बोलतो. आज मला बापाच्या कर्तव्याविषयी बोलावयाचे आहे.

मी मंठ्यात शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. नोकरी लागली तरी एम.ए. करावे, बढती मिळवावी ही ओढ होतीच. दिवसा शाळा, संध्याकाळी बैठका, रात्री अभ्यास. एके दिवशी कळले की तिसरीतल्या माझ्या मुलीला जोडाक्षरे वाचता येत नाहीत. वर्गभर लेकरांना जोडाक्षरे शिकविणाऱ्या मला हे वर्षभर दिसले नव्हते! पत्नी म्हणाली, "तुम्ही घरात सापडता कधी, म्हणून तिनं विचारावं?" मला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री मी सिगालोवाद सुत्त पुन्हा वाचले. राजगृहाचा सिगाल पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असे. का? तर बापाने मरताना सांगितले होते म्हणून. बापाने विधी दिला, अर्थ दिला नाही. तो अर्थ भगवान बुद्धांनी दिला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, पश्चिम दिशा म्हणजे पत्नी आणि मुले. आईबापांची कर्तव्ये पाच : मुलांना पापापासून आवरणे, सन्मार्गाला लावणे, विद्या शिकविणे, योग्य स्थळी विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा हाती देणे. बंधूंनो, यातले पहिले तरी कर्तव्य पगाराच्या पैशाने पार पडते काय?

याच सुत्तात भगवंतांनी आळसाला नाशाचे कारण म्हटले आहे आणि मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन उद्योगाला, एक अडीअडचणीला. म्हणजे पुढे जाण्याची इच्छा हा दोष नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पुढे जाऊ दिले नाही, त्यांना तर तो हक्कच आहे.

कोणी म्हणेल, बाबासाहेबही घर सोडून गेलेच ना? होय. १९१३ साली ते अमेरिकेला गेले तेव्हा यशवंत तान्हा होता. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. त्या काळात माता रमाईने दारिद्र्याशी झुंज दिली. त्यांची चार लेकरे गेली. राजरत्न १९२६ साली गेला. ती किंमत एका सबंध समाजासाठी मोजली गेली. माझी बढती माझ्या घरासाठी आहे. त्या घरालाच ती पारखी करीत असेल, तर बाबासाहेबांचे नाव पुढे करण्याचा मला अधिकार नाही.

आपण आठवावे ते सुभेदार रामजींना. परळच्या चाळीतली एक खोली. भीमराव लवकर झोपत. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवीत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी त्यांनी लेकींपुढेही हात पसरला. पैसा थोडा होता. परंतु बाप जागा होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे ही जागरणे आहेत.

आपल्या तालुक्यातून कित्येक बाप ऊसतोडीला जातात. पोटासाठी ज्यांना घर सोडावे लागते, त्यांना मी दोष देत नाही. माझे बोलणे घरात असूनही घरात नसणाऱ्या माझ्यासारख्यांशी आहे.

आता मी एक नियम केला आहे. जेवणानंतर अर्धा तास मोबाईल फळीवर ठेवायचा आणि मुलीजवळ बसायचे. त्या वेळी पत्नीने वाचावे, विसावा घ्यावा. भांडी मी घासतो. एम.ए.ची परीक्षा वर्षभर पुढे गेली. परंतु परवा मुलीने त्रिशरण पुस्तकातून, न अडखळता वाचून दाखविले.

भिंतीवर बुद्धांची तसबीर लावली म्हणून घर बौद्ध होत नाही. मूल पूर्वेकडे पाहील तेव्हा तिथे आपण असलो पाहिजे. आज रात्रीच, दिवा मालवण्यापूर्वी, आपल्या लेकराला जवळ बसवा आणि त्याचे पुस्तक उघडा.

जयभीम! नमो बुद्धाय!