पाप आणि ऋण

एजियन समुद्राच्या उत्तर टोकास थेसालोनिकी नावाचे बंदर आहे. ग्रीस देशात अथेन्सच्या खालोखाल ह्याच नगराचा मान. इ. स. पूर्व 315 च्या सुमारास कॅसँडर राजाने ते वसविले आणि अलेक्झांडरची सावत्र बहीण असलेल्या आपल्या राणीचे नाव त्यास दिले. सेंट पॉलने येथील ख्रिस्ती मंडळीस पत्रे लिहिली. स्लाव लोकांस लिपी देणारे सिरिल व मेथोडियस हे बंधूही येथलेच. 1430 मध्ये नगर तुर्कांच्या हाती गेले. पुढे 1492 मध्ये स्पेनने ज्यूंस हद्दपार केले, तेव्हा त्यांतील हजारो निराश्रितांस ह्या बंदराने आसरा दिला. हमालांपासून पेढीवाल्यांपर्यंत त्यांचा येथे इतका भरणा झाला की, शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बंदराचा व्यवहार थंडावत असे.

1912 मध्ये नगर ग्रीसकडे आले. 1923 च्या करारान्वये तेथील मुसलमानांस घरे सोडावी लागली व आशिया मायनरमधील ग्रीक निर्वासित त्यांच्या जागी आले. 1941 मध्ये जर्मन फौज आली. पूर्वेच्या तटाबाहेर ज्यूंची विस्तीर्ण दफनभूमी होती. ती डिसेंबर 1942 मध्ये, जर्मनांच्या अमलाखाली, नगरपालिकेच्या मजुरांनी उद्ध्वस्त केली. तिचे दगड रस्त्यांस व भिंतींस लागले. 1943 मध्ये चाळीस हजारांहून अधिक ज्यूंस आगगाड्यांत कोंबून आउश्वित्झच्या छावणीकडे नेण्यात आले. परतले ते अगदी थोडे. त्या दफनभूमीवर आज विद्यापीठ उभे आहे, आणि त्यास अ‍ॅरिस्टॉटलचे नाव आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. त्या विद्यापीठात आज शिकणाऱ्या तरुणावर ह्या कृत्याचा काही भार आहे काय? कोणी म्हणेल, ज्याने थडगी फोडली नाहीत त्यास दोष कसला? शिवाय त्याचे आजोबा कदाचित 1923 चे निर्वासित असतील. त्यांचीही घरे लुबाडली गेलीच होती. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पित्याच्या अपराधाबद्दल पुत्रास शासन करणे हा अन्याय होय, हे आम्हांसही मान्य आहे.

परंतु पाप निराळे आणि ऋण निराळे. पाप कर्त्याबरोबर जाते. ऋण मालमत्तेबरोबर येते. आपल्या धर्मशास्त्राचा दंडक असा की, जो मृताची मालमत्ता घेईल त्याने त्याचे कर्जही फेडावे. त्यास कोणी अपराधी म्हणत नाही. मात्र मालमत्ता घेऊन कर्ज नाकारणाऱ्यास सज्जनही म्हणत नाही. ज्या भूमीवरील वर्गांत आपण ज्ञान मिळवितो, तिच्याखाली कोण निजले होते हे जाणून घेणे आणि ते उघडपणे सांगणे, हे ह्या ऋणाचे व्याज तरी आहे. मुद्दल फेडणे तर आता कोणाच्याच हाती उरलेले नाही.

हे व्याजही वेळेवर दिले गेले नाही. विद्यापीठाच्या आवारात त्या दफनभूमीचे स्मारक उभारले गेले ते 2014 मध्ये, म्हणजे सत्तरांहून अधिक वर्षांनी. ज्यांचे आयुष्य अध्यापनात गेले, त्या आम्हांस हा विलंब विशेष बोचतो. सत्याचा शोध हे ज्या संस्थेचे ब्रीद, तिनेच पायाखालच्या सत्याविषयी इतका काळ मौन धरावे, ह्याहून मोठी थकबाकी ती कोणती?