त्रेसष्ट जणांची स्पर्धा

टेबल टेनिसच्या स्पर्धेत ६४ नावांचा ड्रॉ भिंतीवर लागला की एक गोष्ट पहिला चेंडू पडण्याआधीच ठरलेली असते: ६३ जण हरणार. बाद पद्धतीत तेवढेच सामने होतात आणि प्रत्येक सामना एकाला बाहेर काढतो. ३२ जणांची स्पर्धा तर पहिल्याच फेरीत संपते. रविवारची झोप मोडून, लोकल पकडून, बॅट टॉवेलात गुंडाळून आलेली ही माणसं अर्ध्या तासात मोकळी होतात. पुढच्या वर्षी पुन्हा नाव देतात.

करंडक एकाचा असतो. स्पर्धा उरलेल्यांची.

हौशी खेळाडूला स्पर्धेत काय मिळतं, हे जिंकण्यात शोधून सापडायचं नाही. जिंकणं त्याच्या वाट्याला क्वचित येतं. त्याला स्वतःचा खरा हिशेब मिळतो. क्लबात रोज संध्याकाळी तीच चार माणसं, त्याच सर्व्हिस, तेच कोपरे. तिथे आपला खेळ सुधारल्यासारखा वाटतो. सरावातला जोडीदार चेंडू आपल्याला हवा तिथे देतो. प्रतिस्पर्धी नको तिथे. नको तिथे आलेल्या चेंडूचं आपण काय करतो, तेवढाच आपला खेळ. बाकीची सवय.

अनोळखी माणसाचा हात वाचायला वेळ लागतो आणि ११ गुणांचा गेम तो वेळ देत नाही. २००१ पर्यंत गेम २१ गुणांचा होता, सर्व्हिस पाच-पाच मिळायच्या. सुरुवातीचे गुण घालवूनही माणूस सावरायचा. आता समोरच्याची सर्व्हिस कळेपर्यंत ०–५ झालेलं असतं. जुन्या खेळाडूंना या बदलाची हळहळ वाटते आणि ती मला समजते. तरी हौशी माणसाच्या बाजूनं एक सांगतो: गेम लहान झाल्यामुळे वरचढ खेळाडूकडून एखादा गेम काढण्याची आशा वाढली आहे. पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित समोर आला म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. एरवी तो माणूस आपल्याशी खेळायला आला नसता.

अनोळखी हत्यारापुढे जगातले उत्तम खेळाडूही गोंधळतात. १९५२ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. आशियातली ती पहिली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला होता. बाकी बहुतेक सगळे साध्या पिंपल्सच्या, म्हणजे दाणेदार, रबरावर खेळणारे, चेंडू लागल्याच्या आवाजावरून फटक्याचा जोर ओळखणारे. सातोच्या बॅटचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. कान निकामी झाले की डोळेही चुकतात, हे भल्याभल्यांना मुंबईत कळलं. पुरुष एकेरीचं विजेतेपद सातोनं नेलं. १९५९ मध्ये रबर आणि स्पंजच्या जाडीवर नियमानं मर्यादा आली, स्पंज मात्र टिकला. आज शाळकरी पोराच्या बॅटवरही तो असतो. आधी जे विचित्र वाटलं, तेच पुढे सगळ्यांच्या हातात आलं.

सामन्याआधी समोरच्याची बॅट मागून बघता येते. नियमच तसा आहे. तो बॅट देतो, आपण रबरावरून बोट फिरवतो, उलटी करून पाहतो, परत करतो. एक बाजू काळी, दुसरी लाल किंवा हल्ली चालणाऱ्या एखाद्या ठळक रंगाची, तीही यासाठीच: फटका कोणत्या रबरानं मारला ते समोरच्याला दिसावं. १९८० च्या दशकात हा नियम येण्याआधी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची पण निराळ्या गुणांची रबरं लावून खेळाडू हातातली बॅट फिरवायचे आणि समोरचा अंदाज करत राहायचा.

सर्व्हिसचंही तसंच. चेंडू उघड्या तळहातावर, टेबलाच्या पातळीच्या वर, शेवटच्या रेषेमागे. किमान १६ सेंटिमीटर सरळ वर उडवायचा. अंगानं किंवा कपड्यानं झाकायचा नाही. एवढं सगळं उघड केल्यावर मनगटानं काय करायचं ते तुमचं. फसवायला परवानगी आहे, लपवायला नाही.

स्थानिक स्पर्धेत या नियमाकडे सर्रास काणाडोळा होतो. मुठीतून, बोटांच्या चिमटीतून सर्व्हिस होतात आणि ‘जाऊ दे, हौशी आहेत’ म्हणून पंच सोडून देतो. मला हे पटत नाही. हौशीला नियमांतून सूट नसते. इथे पैसा नाही, क्रमवारी नाही, नोकरी नाही. नियमही काढून घेतले तर पणाला लावायला उरतं काय?

हॉलमधले पंखे बंद असतात. चेंडू २.७ ग्रॅमचा, झुळूकही त्याला वळवते. मे महिन्यात खिडक्या लावून, घामाच्या धारांत माणसं उभी असतात आणि कोणी तक्रार करत नाही. चेंडूवर अन्याय होऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून उकाडा सोसायचा.

या खेळातली सर्वांत अवघड परीक्षा मात्र सुताएवढ्या जागेवर होते. चेंडू टेबलाच्या वरच्या कडेला लागला तर मारणाऱ्याचा गुण. कडेखालच्या उभ्या बाजूला लागला तर नाही. पंच जाळीच्या रेषेत, एका बाजूला बसलेला. मोठ्या स्पर्धांत समोर सहायक पंच असतो. आपल्याकडे एकच, आणि त्याच्या नजरेआड अर्धं टेबल. चेंडू नेमका कुठे लागला हे ज्याला स्पष्ट दिसलं, तो बहुतेक वेळा तोच असतो ज्याचा गुण जाणार आहे. तो गप्प राहिला तर गुण त्याचा. कडेवर बोट ठेवून ‘लागला’ म्हणाला तर समोरच्याचा.

‘लागला’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. शेवटच्या गेममध्ये ९–१० असताना, म्हणजे तोंडातून शब्द निघाला की सामना गेला, अशा वेळी. कोणी टाळ्या वाजवत नाही. शेजारच्या टेबलावर खेळ चालूच असतो. माणूस चेंडू उचलतो, जाळीपाशी येऊन हात मिळवतो, पंचाशी हात मिळवतो, बाटलीतलं पाणी पितो. बक्षीस समारंभात त्याचं नाव येत नाही. पण क्लबात ते नाव पुढे अनेक वर्षं एका विशिष्ट सुरात घेतलं जातं. गप्प राहिलेल्याचंही घेतलं जातं, दुसऱ्या सुरात. मुलं हे दोन्ही सूर ऐकत मोठी होतात आणि कोचनं न शिकवलेला धडा त्यांना तिथे मिळतो.

प्रामाणिकपणाची किंमत इथे लगेच, रोख मोजावी लागते. म्हणून तो इथे खरा असतो.

चेंडू जाळीला चाटून पलीकडे मेला की गुण मिळवणारा हात वर करतो. हे कोणत्याही नियमात नाही, रीत आहे. काही जण तो हात नुसत्या सवयीनं हलवतात, तरी रीत राहावी असं मला मनापासून वाटतं. यशातला दैवाचा वाटा तिथल्या तिथे, चारचौघांत मान्य करण्याची पद्धत खेळाबाहेर फारशी दिसत नाही. नशिबानं मिळालेला गुण परत करता येत नाही. तो कर्तबगारीत धरायचा नाही, एवढं हातात असतं.

खुल्या गटात बारा वर्षांची मुलगी आणि साठीचे काका एकाच टेबलावर येतात. टेबल दोघांना सारखंच: नऊ फूट लांब, पाच फूट रुंद. मुलगी जोरात टॉपस्पिन मारते. काकांच्या बॅकहँडला लाँग पिंपल्स आहेत. त्यावर आपटून तिचीच फिरकी कट होऊन तिच्याकडे परत येते. ती जितका जोर लावते तितका कट वाढतो. पोरं जोर आणतात, म्हातारे तो परत पाठवतात. पिंपल्सला म्हाताऱ्यांचं रबर म्हणून हिणवणाऱ्यांनी मनिका बत्राचा खेळ पाहावा. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या या खेळाडूच्या बॅकहँडला पिंपल्सच असतात. ती मुलगी आज रडवेली होऊन जाईल. एक-दोन वर्षांत जोर आवरायला, चेंडू हळू टाकून वाट बघायला शिकेल आणि काका हरतील. तिला हरवता यावं असं कोणीतरी समोर लागतं. काकांनी खेळत राहायचं ते त्यासाठीही.

मुलांच्या गटात एक दृश्य बघवत नाही. गुण गेला की मूल आधी मागे बसलेल्या वडिलांच्या चेहऱ्याकडे बघतं, मग टेबलाकडे. असं मूल एकाच वेळी दोघांशी खेळत असतं. आईबाबांनी तेवढा वेळ बाहेर थांबावं.

१०–७ ही आघाडी मोठी फसवी. इथे घड्याळ कोणाला जिंकवत नाही. फुटबॉलमध्ये एका गोलाची आघाडी वेळ काढून राखता येते; टेबल टेनिसमध्ये शेवटचा गुण मिळवावाच लागतो. नुसतं परतवत राहण्यालाही या खेळानं सीमा घातली आहे. १९३६ मध्ये प्रागच्या जागतिक स्पर्धेत पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ यांच्यातला एकच गुण दोन तासांहून जास्त चालला. आता गेम दहा मिनिटं लांबला आणि दोघांचे मिळून १८ गुण झालेले नसले तर सर्व्हिस परतवणाऱ्यानं १३ चेंडू परत केले की गुण त्याचा. थांबून राहणाऱ्याला हा खेळ जागा देत नाही.

आणि १०–७ वर माणूस नेमका थांबतो. हात आखडतो. ज्या फटक्यांनी दहा गुण मिळाले ते सोडून तो चेंडू नुसता पलीकडे ठेवायला लागतो. भीती चेंडूवर दिसते: फिरकी कमी होते, उंची वाढते. समोरच्याला काही सांगावं लागत नाही. १०–८, १०–९, ड्यूस. जिंकायला आलेला माणूस न हरण्यासाठी खेळू लागला, तिथे आघाडी संपलेली असते. फलकावर ती थोडी उशिरा संपते.

अनेक स्थानिक स्पर्धांत हरलेल्यानं त्याच टेबलावरच्या पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसायचं असतं. वेगळे पंच बोलवायला संयोजकांकडे पैसे नसतात, म्हणून पडलेली ही पद्धत. तिच्याइतकी शहाणी पद्धत मी खेळात दुसरी पाहिलेली नाही. अंगावरचा घाम वाळलेला नसतो. डोक्यात तिसऱ्या गेममधला तो एक चुकलेला फोरहँड फिरत असतो. तशात दुसऱ्यांचे गुण मोजायचे, सर्व्हिस कोणाची ते ध्यानात ठेवायचं, दर सहा गुणांनी टॉवेलसाठी थांबायचं, शेजारून चेंडू घरंगळत आला की ‘लेट’ म्हणायचं. हळूहळू आपला सामना मागे पडतो, कारण दुसऱ्याचा हातभर अंतरावरून बघावा लागतो. हरून एकटं बसलं की पराभव वाढत जातो. कामाला लागलं की आपल्या मापाचा होतो. शिवाय खुर्चीवरून दिसतं, मघाशी आपण करत होतो तीच घाई हाही करतोय.

संयोजकांना एक विनंती आहे. बाद पद्धत सोयीची, टेबलं मोजकी, हॉल दिवसापुरता मिळालेला, हे सगळं मान्य. ६४ जणांचे चार-चारचे गट करून साखळी घ्यायची तर नुसत्या साखळीचे ९६ सामने होतात; ते दोन-तीन टेबलांवर एका रविवारी बसणं कठीण. मग निदान पहिल्या फेरीत हरलेल्या ३२ जणांची वेगळी बाद स्पर्धा घ्या. ३१ सामने वाढतील. तिचे सामने पाचाऐवजी तीन गेमचे ठेवा, संध्याकाळपर्यंत उरकतील. बक्षीस नसलं तरी चालेल. ज्यांच्या फीवर स्पर्धा उभी राहते त्यांना दुसरा सामना मिळायलाच हवा.

आणि तुमच्या भागात स्पर्धा जाहीर झाली की नाव द्या. स्वतःची बॅट न्या, टॉवेल न्या. चेंडू पांढरा असेल तर पांढरा शर्ट घालू नका. समोरच्याला चेंडू दिसत नाही. हरलात तर लगेच निघू नका, पुढच्या सामन्याला पंच लागतो.