चौतीस वर्षांचें उत्तर

एखाद्या मनुष्यानें आपल्या उमेदीचीं सारीं वर्षें एकाच प्रश्नास द्यावीं, आणि उत्तर हातीं येईल कीं नाहीं याची शाश्वतीहि नसावी, हें वर्तन विवेकाचें म्हणावें कीं हट्टाचें? अध्यात्माच्या वाटेवरील साधकास आपण हें विचारीत नाहीं. त्याच्या दीर्घ प्रतीक्षेसच आपण तप म्हणतों. चरितार्थासाठीं पत्करलेल्या विद्येविषयीं मात्र तो प्रश्न टळत नाहीं, आणि अलीकडे स्फटिकशास्त्राविषयीं तो फारच निकडीचा झाला आहे.

हें शास्त्र करतें काय, तें आधीं सांगितलें पाहिजे. स्फटिकांत परमाणूंची एकच मांडणी ठराविक अंतरानें पुनःपुन्हां आलेली असते. त्यावर क्ष-किरण सोडले म्हणजे ते ठराविक दिशांनीं विखुरतात आणि फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपक्यांच्या काळेपणावरून त्या त्या लाटेचा जोर मोजतां येतो. परंतु कोणती लाट कोणत्या लाटेच्या किती पुढें अगर मागें होती, हें फिल्म सांगत नाहीं. रेणूचें चित्र उभें करावयास तर ही माहिती हवीच. गवयाचा प्रत्येक सूर किती मोठा होता तें कळावें आणि ताल मात्र हरवावा, तशी ही स्थिति आहे. प्रथिनांच्या स्फटिकांत जड परमाणू बसवून तो ताल परत मिळविण्याची युक्ति केंब्रिज येथें माक्स पेरुट्झ यांस साधली ती १९५३ सालीं.

डोरोथी हॉजकिन यांनीं इन्सुलिनच्या स्फटिकाचीं छायाचित्रें घेऊन त्यांचें वृत्त प्रसिद्ध केलें तें १९३५ सालीं, म्हणजे ही युक्ति साधण्यापूर्वीं अठरा वर्षें. इन्सुलिनची रचना उलगडली १९६९ सालीं. आरंभीं ऐन पंचविशींत असलेल्या बाई त्या वेळीं ५९ वर्षांच्या होत्या. मधल्या काळांत त्यांनीं तीन मुलें वाढविलीं आणि संधिवातानें त्यांच्या हातांचीं बोटें वांकडीं होत गेलीं. पण येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ह्या ३४ वर्षांत त्या इन्सुलिनच्या दाराशीं धरणें धरून बसल्या नाहींत. साधनें अपुरीं आहेत असें दिसतांच त्यांनीं तो प्रश्न बाजूस ठेवला, १९४५ सालीं पेनिसिलिनची रचना सोडविली, पुढें ब-१२ जीवनसत्त्वाची सोडविली, आणि १९६४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां इन्सुलिन बाकीच होतें. आम्ही हट्ट आणि निष्ठा यांत भेद करतों तो येथेंच: निष्ठावंतास थांबतां येतें. अखेरच्या यशांतील त्यांच्या सहकाऱ्यांत एम. विजयन हेहि होते. त्यांनीं पुढें बंगळूर येथें ही विद्या रुजविली.

आतां आक्षेप. प्रथिनांतील घटकांचा क्रम दिला असतां त्याचा आकार वर्तविणारें आल्फाफोल्ड हें संगणकी साधन २०२० सालीं नांवारूपास आलें, आणि २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्याच्या कर्त्यांस, डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांस, मिळाला. ज्या कामास वर्षें लागत, त्याचा पुष्कळदां उत्तम अंदाज हें साधन थोडक्या वेळांत देतें. अशा वेळीं घरची मुलगी स्फटिकशास्त्र शिकूं म्हणाली तर वडिलांनीं काय सांगावें?

ठरलेलें उत्तर असें कीं, हें यंत्र स्फटिकशास्त्रज्ञांच्याच पोथीवर शिकलें आहे. १९७१ सालीं अवघ्या ७ रचनांनिशीं उघडलेल्या प्रथिनांच्या भांडारांत आज २ लाखांहून अधिक रचना सर्वांस खुल्या आहेत, आणि यंत्राचें शिक्षण त्यांवरच झालें. हें खरें, पण आमच्या मतें अपुरें. गेलेल्यांचे श्रम वायां गेले नाहींत एवढेंच त्यानें सिद्ध होतें. आजोबांनीं विहीर खणली म्हणून नातवानेंहि खणीतच बसावें, असें कोणी म्हणणार नाहीं.

तेव्हां दुसरीकडे पाहिलें पाहिजे. यंत्र देतें तो अंदाज असतो, आणि तो किती भरंवशाचा हें तें स्वतःहि सांगतें. नवें औषध प्रथिनाच्या कोणत्या खळगींत नेमकें कसें बसलें, याची खात्री अद्याप प्रयोगानेंच करावी लागते. गंमत अशी कीं, यंत्राचा अंदाज हाताशीं धरून स्फटिकांतील तो हरवलेला ताल शोधण्याची रीत आतां स्फटिकशास्त्रज्ञांतच रुळली आहे. मात्र जें काम निव्वळ सवयीनें चालत होतें तें जाणार, हें मुलीपासून लपविणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. तिनें हें जाणून निवड करावी. आणि वडिलांनीं त्यागाचे गोडवे गाऊन तिला तिकडे ढकलूं नये, कीं पगाराचा आंकडा दाखवून मागें ओढूं नये.

‘उत्तर यंत्र देणार, मग तूं काय करणार?’ असें विचारणारा मनुष्य उत्तर मिळालें म्हणजे काम संपलें असें गृहीत धरतो. हॉजकिनबाईंनीं तसें धरलें नव्हतें. १९६९ नंतरहि तो स्फटिक त्यांनीं सोडला नाहीं. त्याच रचनेचें कितीतरी अधिक सूक्ष्म विवरण त्यांनीं सहकाऱ्यांसह १९८८ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्या वयाचीं ७७ वर्षें उलटलीं होतीं.