भिंतीवरचं कोहबर

आज चित्रकार गंगादेवींची आठवण काढू या. त्या बिहारच्या मिथिलेतल्या. लग्नघरात वधूवरांच्या खोलीच्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे रेखायची तिकडची रीत. त्या खोलीला कोहबर म्हणतात. हे रेखणं गंगादेवी लहानपणी आईकडून शिकल्या. पुढे नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. संसार विस्कटला, पण हातातली रेघ डळमळली नाही. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग कॅन्सर झाला. उपचारांसाठी दिल्लीत असतानाच प्रगती मैदानाजवळच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एका खोलीच्या भिंती कोहबर म्हणून रंगवल्या. अंगात त्राण नसताना दुसऱ्यांच्या लग्नाचं मंगल रेखायचं, याला काय म्हणावं! १९९१ मध्ये त्या गेल्या. आणि ती चित्रं? पंचवीसेक वर्षांनी संग्रहालयाच्या नूतनीकरणात ती भिंतींवरून गेली. याचं दुःख आजही वाटतं.

संग्रहालयात हे घडतं, तर आपल्या घरात काय होत असेल? आजीनं शिवलेली गोधडी, मामीनं रुखवतासाठी केलेलं मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल दिल्लीत बदलीवर आलेल्या कितीतरी मराठी बायकांनी ट्रंकेतून जपून आणले. करणारीचं नाव मात्र त्यावर कुठेच नसतं.

तेव्हा आज एवढं करा. घरातली अशी एक वस्तू बाहेर काढा, पातळ कापडाच्या पट्टीवर करणारीचं नाव, गाव आणि साल लिहा, आणि ती पट्टी मागच्या बाजूला टाचून ठेवा. करणारी हयात असेल, तर तिलाच विचारून लिहा.