आधी पाणी मागितलं

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा वाचला जातो, आणि बहुतेक वेळा त्यातल्या बाईच्या विरोधात वाचला जातो. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री. पाच नवरे झालेले, आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. उपदेशकाला एवढं पुरतं. शुद्धतेवरचं प्रवचन तिच्यापासून सुरू होतं आणि तिच्यावर ताशेरे ओढून संपतं.

हा अध्याय सावकाश वाचला पाहिजे. प्रभू पहिलं बोलतो ते तिच्या नवऱ्यांविषयी नाही. तो चालून दमला आहे, तहानला आहे, पाणी काढायला त्याच्याजवळ काही नाही, म्हणून तो तिच्याकडे प्यायला मागतो. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसे. हे मागणं केवढं मोठं होतं ते रायगडकरांना वेगळं सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. कोण कुणाच्या हातचं पाणी पितो यावर माणसाची किंमत ठरवणारा समाज आपण चांगला ओळखतो.

नवऱ्यांचा विषय त्यानंतर निघतो. तिथेही तो ‘पाप’ हा शब्द उच्चारत नाही. क्षमा केल्याचंही म्हणत नाही. जे खरं आहे तेवढं बोलतो, आणि ती उपासनेविषयी विचारते तेव्हा खरी उपासना कशाला म्हणतात ते तिला सांगतो. इतका मोठा विषय तो तिच्याशी बोलण्याजोगा मानतो. पाचांपैकी किती मेले आणि किती टाकून गेले, हे लिहिलेलंच नाही. ती रिकामी जागा आपल्या मनातल्या चिखलाने आपणच भरत आलो.

मला इथे एकच गोष्ट उलगडायची आहे: या कथेतला क्रम. आधी मागणं, मग सत्य, मग शिकवण. बरं होणं पहिल्या पायरीपासूनच सुरू झालेलं आहे.

हा अध्याय एका मराठी बाईने कसा ऐकला, ते तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठवासी भगिनींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला आपलं एक काम पाहायला पाठवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या. रमाबाईंनी पाहिलं की त्यांच्यातल्याच काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करत आहेत. अशा बायकांसाठी काही करायला हवं, हे आयुष्यात पहिल्यांदा तिथे जाणवलं, असं त्या म्हणतात. हे लोक असं का करतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना हाच चौथा अध्याय वाचून दाखवला. शास्त्रं मुखोद्गत असलेली, नवरा गेलेली, लहान मुलगी घेऊन परदेशी आलेली ही विदुषी त्या शोमरोनी बाईपाशी थबकली.

पुढे केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून ज्या मुली-बायका त्यांनी आणल्या, त्यांतल्या कित्येकींच्या शरीराची आधीच विटंबना झालेली होती. दुष्काळात भाकरीच्या बदल्यात काय मागितलं जातं, ते रमाबाईंनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. अशा बायकांसाठी त्यांनी कृपा सदन हे वेगळं घर काढलं. केडगावची शिस्त कडक होती, प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या होत्या, हे खरं. पण तिथे बसून खाणारं कुणी नव्हतं. शेत, माग, स्वयंपाक, छापखाना, सगळीकडे बायकांचेच हात. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये निघालं, ते याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवणारे हातही या मुलींचेच. जिला गावाने ओवाळून टाकलं होतं, तिच्याकडे शास्त्राचा मजकूर सोपवला होता. ‘मला प्यायला दे’ याचा याहून चांगला अर्थ मला सापडलेला नाही.

आता प्रवचनातल्या त्या शुद्धतेकडे येऊ. कॅथलिक धर्मशिक्षणाचा १९९२ चा ग्रंथ शुद्धता फक्त अविवाहितांना लावत नाही. विवाहितांनाही ती सांगितली आहे, एकनिष्ठेच्या रूपाने. आणि तिचं प्रयोजन असं सांगितलं आहे की ज्याचा स्वतःवर ताबा आहे तोच स्वतःला दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे ही एकदा फुटली की संपली अशी वस्तू नाही, देता येण्याची ताकद आहे. ती गेलेली असली तरी पुन्हा कमावता येते. मात्र जिच्याकडे कुणी काही मागतच नाही, तिने ती कमवायची कशी?

आपल्या जिल्ह्यातल्या उलव्यात हा प्रश्न फार जवळचा होतो. खारकोपरपर्यंत लोकल आली २०१८ मध्ये, मग अटल सेतू, मग विमानतळ. सेक्टरांमधून साऱ्या देशातली माणसं भाड्याने राहतात, शेजारच्या फ्लॅटमधल्याचं नाव ठाऊक नसतं. गावात ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने जे सांभाळलं जायचं, त्याचा पहारा इथे उठला आहे. खोलीत एकटा मुलगा आणि हातात मोबाइल. धाकावर उभी असलेली शुद्धता इथे आठवडाभर टिकत नाही. गाळा भाड्याने घेऊन भरणाऱ्या एखाद्या लहान मंडळीत दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसते, उशिरा येते, आशीर्वादाआधी निघते. तिला पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवण्याची घाई होते. त्याऐवजी पाळकीणबाईंनी म्हणावं, “ताई, पुढच्या रविवारी भक्तीनंतरच्या चहाचं तुम्ही बघाल का?” तिचा भूतकाळ ती सांगेल तेव्हा सांगेल.

आरोग्यदानाच्या नावाखाली विहिरीवरच्या या क्रमाची मोडतोडही होते, आणि त्याचा मला राग आहे. समलिंगी ओढ असलेल्या मुलाला ‘बरं करून देतो’ म्हणून शिबिरांना नेलं जातं. अमेरिकेत हेच काम करणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही संस्था २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असा उपचार डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. चर्चची विवाहाविषयीची शिकवण कुणी कशीही मांडो, जो आजार नाही त्याच्यावर उपचार करायचा अधिकार त्यातून कुणालाच मिळत नाही. बरं करायचं आहे ते लाज, व्यसन आणि दुसऱ्याने केलेली जखम.

या शेवटच्या बाबतीत नुसती प्रार्थना पुरत नाही. लहान मुलीने किंवा मुलाने पाळकाला आपल्यावरचा अत्याचार सांगितला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘मंडळीची बदनामी होईल’ हे कारण तिथे चालत नाही. आणि कळवल्यानंतर त्या मुलीला गायनमंडळातून हळूच वगळू नये. तिची जागा, तिचं गाणं, तिच्याकडे सोपवलेलं काम तसंच राहावं. बाजूला व्हायचं आहे ते ज्याच्यावर आरोप आहे त्याने.